मुखवट्याच्या आतलं मेण

माझ्या स्वभावात संशय आहे आणि तो कमी व्हावा असं मला कधी वाटलेलं नाही. दूधवाला माप घालताना मी चरवीच्या तळाकडे बघते, भाजीवाल्यानं तराजू उचलला की मी खाली वाकते, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की ह्याला काय हवंय ते आधी शोधते. आई म्हणायची, "हिच्याशी लगन करनाऱ्याचे खिसे रोज तपासल्या जातीन." पण मला जी नोकरी मिळाली ती याच गुणावर मिळाली, हे पुढं तिलाही कबूल करावं लागलं.

नोकरी होती धूळ उतरवायची. आदिलाबादच्या कचेरीमागं जुन्या खजिन्याच्या दोन खोल्या होत्या. निजामाचं राज्य गेलं, संस्थान भारतात सामील झालं, अव्वल तालुकदाराच्या खुर्चीवर कलेक्टर येऊन बसले, आणि त्यांनी या खोल्यांची कुलपं उघडायला लावली. आत काय नव्हतं! गंजलेल्या तलवारी, ढाली, बिदरी हुक्के, गोंडांचे पितळी घोडे, आणि कधीकाळी जप्त करून आणलेल्या पण परत न्यायला कुणी न आलेल्या कितीतरी वस्तू. कलेक्टरांचा हुकूम झाला की हे सगळं नीट मांडा, लोकांना बघू द्या. लोक त्याला अजायबखाना म्हणायला लागले. बघायला मात्र बाजाराच्या दिवशीच कोणी यायचं, तेही बहुतेक सावलीत बसायला.

या सगळ्याची जबाबदारी खजिन्याच्या जुन्या दरोग्यांकडे होती. दरोगासाहेब मूळचे हैदराबादचे, मुसलमान, उंच, जरासे वाकलेले, भर उन्हाळ्यातही शेरवानीची सगळी बटणं लावून बसणारे. माझे वडील त्याच कचेरीत कारकून होते. ते वारले तेव्हा माझ्यापाशी मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण आणि वडिलांनी घरी शिकवलेलं उर्दू एवढंच होतं. वस्तूंना बांधलेल्या जुन्या चिठ्ठ्या सगळ्या उर्दूत, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी दरोगासाहेबांनी मला टेबलासमोर बसवलं, पाणी सांगून येतो म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. टेबलावर चांदीची अत्तरदाणी होती. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "इत्ती देर क्या किए?"

मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही दाराच्या फटीतून बघत होता, म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसले."

ते आधी दचकले, मग हसले. "शक्की है," ते म्हणाले. "चलेगी."

धूळ झाडण्यात काय असतं, असं मला वाटलं होतं. घरी रोज झाडतेच की. पण त्यांनी मला कितीतरी दिवस वस्तूंना हातच लावू दिला नाही. आधी हातातल्या काचेच्या बांगड्या काढायच्या, अंगठी काढायची, पदर कमरेला घट्ट खोचायचा. टेबलावर जुनी गोधडी अंथरायची, म्हणजे वस्तू निसटली तरी आपटणार नाही. मूठ किंवा कान धरून काही उचलायचं नाही. दोन्ही हात खाली घालून, तान्हं मूल घेतात तसं घ्यायचं. ओलं फडकं बंद. पिसांचा झाडू बंद, कारण पीस मोडलं की त्याचा काटा ओरखडे काढतो. तोंडानं फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकी उडते. बकरीच्या केसांचा मऊ कुंचला घ्यायचा आणि वरून खाली, हलक्या हातानं, धूळ एका कोऱ्या कागदावर उतरवायची.

"पोंछना नक्को, उतारना," ते सांगायचे. "जो अपने से गिरा वो धूल. जो नहीं गिरा उसको छेड़ना नक्को."

आणि धूळ लगेच टाकायची नाही. कागद खिडकीशी नेऊन आधी नीट बघायचा. म्यानातून पिठासारखी भुकटी पडली असेल तर आत कीड लागलेली आहे. हिरवट कण दिसले तर पितळ खराब व्हायला लागलं आहे. सोनेरी ठिपका चमकला तर मुलामा सुटतो आहे, त्या वस्तूला हात लावणं थांबवायचं. हे बघून झालं की मग कागद खिडकीबाहेर झटकायचा. मला हे काम मनापासून आवडलं. जगात धुळीकडेही संशयानं बघायला सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. थोड्या दिवसांत मी कागदावरची धूळ बघून सांगायला लागले, की ही तांबडी नेरडीगोंड्याच्या रस्त्यानं आलेल्या मोटारींची, ही काळी शेतांवरून उडालेली, आणि हे पांढरं म्हणजे जिनिंगमधला कापूस.

तो काळच असा होता की माझा स्वभाव कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. सगळेच एकमेकांना चाचपत होते. जुन्या राज्यातले कोण, नव्यातले कोण, कोण कुणाच्या बाजूचा होता आणि आता कुणाच्या बाजूला बसतो, यावर कचेरीत कुजबूज चालायची. पुढं भाषेप्रमाणे राज्यं होणार अशी बोलणी सुरू झाली आणि नवाच खेळ लागला. तेलुगू कारकुनांना वाटायचं, हे मराठी लोक जाताना टेबलखुर्च्यासुद्धा उचलून महाराष्ट्रात नेतील. आमच्या लोकांना वाटायचं, हे आपल्याला नोकरीतून काढून आपली माणसं भरतील. आणि दरोगासाहेबांबद्दल मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत होतं. म्हातारा खजिन्यात इतकी वर्षं बसलाय, रिकाम्या हातानं जाईल होय?

मीही तसंच म्हणत होते, फक्त मनात.

त्या सगळ्या वस्तूंत एक मुखवटा होता. देवीचा, पितळी, माणसाच्या तोंडाहून थोडा मोठा. राजुऱ्याच्या वाटेवर, वांकिडीच्या पलीकडं एक गाव आहे, तिथली ती माता. निजामाच्या शेवटच्या काळात जत्रेत मान कुणाचा यावरून दोन गावांत डोकी फुटली, तेव्हा पोलिसांनी मुखवटाच उचलून आणला आणि खजिन्यात टाकला. तिथून तो आमच्याकडे आला. रंग काळपट तपकिरी, नाक चपटं, डोळे मिटल्यासारखे. मुखवट्याच्या आत, म्हणजे मागच्या पोकळ बाजूला, मेणाच्या छोट्या छोट्या गोळ्या चिकटवलेल्या होत्या. काळ्या पडलेल्या, एकीला लागून एक. काहींतून दोऱ्यांची टोकं बाहेर आलेली.

मला ती घाण वाटली. मी पहिल्यांदा मुखवटा पालथा केला तेव्हाच म्हटलं, "हे खरवडून काढू का?"

"नक्को," ते एकदम म्हणाले. नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं. "गिर रहा क्या? नहीं ना? फिर उसको छेड़ना नक्को."

हे 'एकदम' माझ्या मनात रुतून बसलं. मेणाचं काय एवढं?

त्यानंतरच्या थंडीत एक दिवस मी कामावर आले तर आतल्या खोलीत दरोगासाहेबांबरोबर एक ओतारी बसलेला. पितळेचे देव आणि घोडे ओतणारे हे लोक; आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर माती लिंपतात, भट्टीत मेण वितळवून काढतात आणि त्या जागी पितळ ओततात. त्याच्या मांडीवर मेणाचा गोळा होता. मला बघून दरोगासाहेब उठले आणि त्याला घेऊन बाहेर गेले. मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारून खरं उत्तर मिळतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

त्याच आठवड्यात मुखवट्यावरची धूळ उतरवताना कागदावर टप्प करून काहीतरी पडलं. मेणाची गोळी. थंडीनं कडक होऊन सुटली होती, अर्धी आत राहिली होती आणि अर्धी माझ्या कागदावर. तिच्यात पिवळा दोरा होता, त्याला एक काळा पीळ. नियमाप्रमाणे, आपण होऊन पडलं म्हणजे धूळ. बघायचं आणि टाकायचं. पण माझ्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. मुखवट्यात मेण. ओताऱ्याकडे मेण. मेणानं साचा घेतात. साच्यातून दुसरा मुखवटा होतो. दुसरा इथं ठेवायचा आणि पहिला, बहुतेक सोन्याचा मुलामा असलेला, हैदराबादला.

मी ती गोळी काडेपेटीत घातली, काडेपेटी कनवटीला लावली आणि घरी नेऊन माझ्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवली. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. कुणाविरुद्ध, ते मला पक्कं ठाऊक होतं.

नंतर मी दरोगासाहेबांना रोज पूर्वीसारखाच आदाब केला, त्यांनी सांगितलेलं सगळं शिकले, आणि त्यांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवली. ते घरी जाताना छत्री कशी धरतात ते मी बघायचे, त्यांचा डबा जड आहे का ते बघायचे. त्यांनी कधी एक खिळासुद्धा नेला नाही. यानं माझा संशय कमी व्हायला हवा होता, पण मला वाटलं, माणूस फार हुशार आहे.

मग खरोखरच राज्यं झाली. आमचं आदिलाबाद आंध्रात राहिलं आणि राजुऱ्याकडचा भाग मुंबई राज्यात गेला. त्या भागातल्या गावांच्या वस्तू त्या गावांना परत करा असा हुकूम आला. अजायबखान्यावर नवे तेलुगू साहेब नेमले गेले. तरुण, चटपटीत, सगळ्या गोष्टी आजच्या आज संपवायच्या अशा घाईचे. दरोगासाहेबांची नोकरी संपत आली होती. वस्तू ताब्यात देऊन झाल्या की ते हैदराबादला जाणार होते. त्यांची ट्रंक बाहेरच्या खोलीत येऊन पडली होती. मी येता जाता तिच्याकडे बघायचे.

मुखवट्याच्या गावची माणसं बैलगाड्या जोडून आली. पाटील पुढं, मागं पाच-पन्नास माणसं, त्यात बायका जास्त. त्या गावच्या मातेचं तोंड धुवायचा मान गावच्या लेकींचा. दर अवसेला गावात असतील त्या, आणि जत्रेला लग्न होऊन बाहेर गेलेल्यासुद्धा, चिंच आणि राखेनं तिचं तोंड घासून लख्ख करायच्या. म्हणून माताही लेकींनीच न्यायची असं ठरलं होतं. त्यांच्यात सगळ्यांत वयानं मोठी एक म्हातारी होती, वांकिडीला दिलेली. नव्या राज्यात तिचं सासर एकीकडे आणि माहेर दुसरीकडे झालं होतं. "आता मायेच्या घरी जायाले दुसऱ्या राज्यात जा लागते म्हंते," ती मला पायरीवर बसून सांगत होती. "असं कुठी असते का बाई?"

मी बांगड्या काढल्या, पदर खोचला, मुखवटा दोन्ही हातांनी आणला आणि गोधडीवर ठेवला. सगळे वाकून बघायला लागले. मग एकेक जण मागं सरकला.

पाटील म्हणाले, "हे आमची माता नोहे."

"क्या बोला?" नवे साहेब म्हणाले.

"आमची माता पिवळी धम्मक हाये जी. तिच्या तोंडात आपलं तोंड दिसे. हे काळंकुट्ट कोन हाये? आमची माता काऊन लपवून राह्यले तुमी?"

मागून आवाज यायला लागले. कुणी म्हणालं नाक असं नव्हतं, कुणी म्हणालं डोळे उघडे होते. कुणीतरी म्हणालं तिला सोन्याचं पाणी होतं, आणि बघता बघता ती सबंध सोन्याचीच झाली. मी बघितलं, नव्या साहेबांची मान हळूहळू दरोगासाहेबांकडे वळली.

"दरोगा साब, असली किधर है?"

"येईच असली है," दरोगासाहेब म्हणाले. "इत्ते साल किसी ने घिस के मांजा नहीं, इस वास्ते काली दिखती."

"मंग चिंच लावा," पाटील म्हणाले. "आत्ताच समजते."

आणि दरोगासाहेब म्हणाले, "नक्को."

एवढी माणसं समोर उभी, आळ येऊन ठेपलेला, आणि हा माणूस म्हणतो चिंच नको. इथं असेपर्यंत ती सरकारी वस्तू, तिला कुणी घासायचं नाही. सही करा, ताब्यात घ्या, मग बाहेर नेऊन काय हवं ते करा. पाटील म्हणाले, आधी धुवा, मग सही. दरोगासाहेब म्हणाले, आधी सही. नव्या साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि सरळ सांगितलं, की गावानं वस्तू ओळखली नाही तर पोलिसांत वर्दी द्यावी लागेल, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती त्या दोघांनाही चौकीत जावं लागेल. दुसरी किल्ली माझ्याकडे होती.

मी कमरेला लावलेली किल्ली मुठीत धरली. पण खरं सांगते, भीतीच्या खाली कुठंतरी एक समाधानही होतं. मी म्हटलं नव्हतं? आता मी काडेपेटी आणून टेबलावर ठेवली, ओताऱ्याचं सांगितलं, तर मी सुटते आणि हा माणूस अडकतो. मी तोंड उघडणारच होते.

तेवढ्यात ती म्हातारी पुढं आली. "चिंच रावू द्या," ती म्हणाली. "आतून दाखवा मले."

मी मुखवटा पालथा केला. मेण बघून साहेबांनी नाक मुरडलं. मी दरोगासाहेबांकडे बघत होते, आता यांचा चेहरा पडेल म्हणून. पण म्हातारीचाच चेहरा उजळला. तिनं एका गोळीवर बोट ठेवलं.

"ही माह्या थोरल्या बहिनीची. हिरवा दोरा, पाहा. ही चुलत बहिनीची. हे माह्या आत्याची असन, लय जुनी हाये." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लगन होऊन गाव सोडून जाते ना पोरगी, तवा मेनाची गोळी लावून जाते मातेच्या आत. लुगड्याचा दोरा घालून. म्हंजे आपन कुठी बी गेलो तरी तिच्या मांगं रायतो."

 साचा नाही, ओतारी नाही. ज्याला मी चोरीचा पुरावा समजत होते ती त्या गावच्या लेकींची आठवण होती. आणि मी ती खरवडून काढायला निघाले होते.

म्हातारीचं बोट पुढं सरकत होतं. डाव्या डोळ्याच्या मागं येऊन ते थांबलं. तिथं मेणाचा नुसता अर्धा डाग होता, दोरा आत बुडून गेलेला.

"माही गोळी नाई," ती म्हणाली.

तिनं पुन्हा चाचपलं. "इथंच व्हती. थोरलीच्या शेजारी. माही काऊन नाई?" आणि तिनं मुखवट्यावरून हात काढून घेतला, विस्तवाला लागल्यासारखा. "ज्यानं ही नवी केली त्यानं पाहून पाहून बाकीच्या लावल्या. माही इसरला."

पाटलांनी मोठ्यानं टाळी वाजवली. "घ्या! सापडला का नाई चोर?" सगळा घोळका पुढं सरकला. साहेबांनी वर्दी लिहायला कागद मागवला. दरोगासाहेब टेबलाची कड धरून उभे होते. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. किल्ली असलेलं दुसरं माणूस मी होते, पण त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नाही, आणि त्याचाच मला राग आला. इतका भोळा माणूस खजिना कसा सांभाळत होता?

संशयी माणसाला एक खोड असते. आपलंच म्हणणं खरं ठरत असलं तरी तो एकदा उलटून तपासतो. मी म्हातारीला विचारलं, "तुमच्या गोळीत दोरा कोणता होता?"

"पिवया. काठाचा व्हता. त्याले एक काया पीळ."

मी साहेबांना म्हटलं, "जरा थांबा. कागदावर काही लिहू नका." आणि मी धावत सुटले. पायात चप्पल नव्हती, पदर खोचलेला तसाच. घरी आईनं विचारलं काय झालं, मी उत्तर दिलं नाही, पेटी उपडी केली.

परत येताना मला सगळं दिसत होतं. ही काडेपेटी उघडली की सरकारी वस्तूचा तुकडा मी घरी नेला हे उघड होणार. आणि का नेला, हे इतर कुणाला नाही तरी एका माणसाला नक्की कळणार. पण गोळी याच मुखवट्यातून, माझ्याच कागदावर पडली होती. ती जुळली तर मुखवटा खरा. यात दुसरा अर्थ निघत नव्हता, मी रस्ताभर काढून पाहिला.

मी काडेपेटी टेबलावर उघडली. "थंडीत पडली होती," मी म्हटलं. "धूळ झाडताना. मी जपून ठेवली."

पाटील म्हणाले, "हे तिचीच कायवरून?"

"चूप बस," म्हातारी म्हणाली. तिनं गोळी तळहातावर घेतली, मुठीत धरून ऊब दिली, वर तोंडानं वाफ सोडली. मला वाटलं ओरडावं, तोंडाची वाफ नको, थुंकी उडते. पण गप्प बसले. तिनं गोळी त्या डागावर धरली. तुटलेली कड तुटलेल्या कडेत बसली, आतला पिवळा दोरा बाहेरच्या पिवळ्या दोऱ्याला मिळाला, काळा पीळसुद्धा. तिनं अंगठ्यानं दाबलं. मग मुखवटा सुलटा केला आणि त्या काळ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरून हनुवटीपर्यंत.

"इतके दिवस कोनं हात नाई फिरवला माय तुह्या तोंडावरून," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाकीच्या बायकाही रडायला लागल्या. मीही रडले, आणि इतक्या माणसांत रडावं लागलं म्हणून मला स्वतःचाच संताप आला.

पाटलांनी सही केली. साहेबांनी तुकडा घरी नेल्याबद्दल मला चार शब्द सुनावले, "अम्मा, ऐसा नहीं करना," म्हणाले, आणि पुढच्या कामाला लागले. बायकांनी मुखवटा आवारातल्या विहिरीवर नेला. दरोगासाहेबांनी खिडकी लावून घेतली. मी मात्र पायरीवर उभी राहून बघितलं. इतकी वर्षं बकरीच्या केसांनी सांभाळलेला तो तपकिरी रंग चिंचेच्या पाण्याबरोबर दगडावरून वाहून गेला. वाईट वाटलं. मग खालून ती पिवळी धम्मक निघाली, डोळे उघडे असलेली, आणि मला वाटलं, मीसुद्धा हिला ओळखलं नसतं.

संध्याकाळी आम्ही दोघंच होतो. दरोगासाहेबांनी टेबलावरची रिकामी काडेपेटी उचलली.

"कब से रखी थी?"

"तो ओतारी आला होता तेव्हापासून."

त्यांनी काडेपेटी बोटांत फिरवली. "घोड़े का पाँव टूटा है ना, जुड़ता क्या पूछने बुलाया था. वो बोला गरम करना पड़ता. मैं बोला नक्को." मग त्यांनी विचारलं, "मेरे वास्ते रखी थी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी काडेपेटी माझ्यासमोर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि ट्रंकेचं झाकण उघडून मला हाक मारली. "आ बेटी. देख ले."

मी म्हटलं, "नको साहेब."

"देख ले," ते पुन्हा म्हणाले. "अच्छे से देखना, जैसा सिखाया वैसा."

मी बांगड्या काढल्या आणि ट्रंक बघितली. वरवर नाही, सगळी. शेरवान्या उलगडल्या, पुस्तकं झटकली, नमाजाच्या जानमाजची घडी मोडून परत घातली, तळाचा कागद उचलून खाली बघितलं. धोतराच्या मऊ मलमलीचे काही तुकडे आणि एक झिजलेला कुंचला, तो त्यांचा स्वतःचा. दुसरं काही नव्हतं. माझं होईपर्यंत ते झाकण धरून उभे होते. लाजेनं माझे कान तापले होते, पण मी मध्येच थांबले नाही. थांबले असते तर ते त्यांना आवडलं नसतं, हे मला का कोण जाणे कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते हैदराबादच्या गाडीत बसले. आठवडाही गेला नसेल, कचेरीत चहाच्या वेळी विषय निघाला. तेलुगू होते, मराठी होते, सगळे हसत होते. म्हातारा काय काय घेऊन गेला असेल कोण जाणे, असं एक जण म्हणाला.

"काही नेलं नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी त्यांची ट्रंक तपासली आहे. तळाच्या कागदाखालीसुद्धा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तिथं सगळे ओळखत होते, माझा स्वभावही. तो विषय त्या कचेरीत पुन्हा निघाला नाही.